अप्पांच्या ॲम्प्लिफायरमधली घूं

अप्पा, आज सोळावा दिवस. तेराव्याला आलेली माणसं परवा गेली, भाड्याने आणलेल्या खुर्च्या काल गेल्या आणि आज सकाळी राघवही ऑफिसला गेला. मी गेले नाही. पोट दुखतंय असा निरोप पाठवला. खरं तर काहीच दुखत नाही, आणि तीच अडचण आहे. मला अजून रडू आलेलं नाही. तुमच्या बहिणी माझ्याकडे बघून तमिळमध्ये काहीतरी बोलल्या. मला ते कळलं, पण कळलं नाही असं दाखवून मी पेले विसळत राहिले.

येणारा प्रत्येक जण विचारायचा, कसं झालं? मी सांगायचे, गुरुवारी दुपारी चार वाजता, खुर्चीत बसल्या बसल्या, हार्ट. इतक्या वेळा सांगितलं की आता ते माझ्या इन्स्पेक्शन रिपोर्टमधल्या ओळीसारखं तोंडातून येतं. त्या दुपारची एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. आणि दुसरी एक आहे, तीन वर्षांपूर्वीची. ती तुम्ही समोर असतानाच सांगायला हवी होती.

मी राघवशी लग्न होऊन चेन्नईतल्या या वेस्ट मांबलमच्या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला तुमचं निम्मं बोलणं कळायचं नाही. मराठीच बोलायचात तुम्ही, तंजावरची, पण कशी! 'मजला', 'तुजला', 'काय गे', आणि मध्येच तमिळचा एखादा हेल. मी सातारची. मला वाटायचं, हा माणूस कुठल्यातरी जुन्या कागदातून उठून आलाय. आणि तुम्हाला वाटायचं की माझीच मराठी बिघडलेली आहे. "तुमच्याकडे मराठी वापरून वापरून झिजली गे. आम्ही ती आणिली तशी ठेविली," असं तुम्ही डायनिंग टेबलावर डांगरपचडी वाढून घेताना म्हणालात, आणि अम्मा हसल्या. साताऱ्याची गादी आणि तंजावरची गादी एकाच घरातली, म्हणून सुनेला परकं म्हणायचं नाही, हेही त्याच जेवणात ठरवून टाकलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हॉलमधलं काचेचं शोकेस उघडून दाखवलंत. सगळ्यांच्या घरी त्यात बाहुल्या आणि स्टीलचे कप असतात. तुमच्या घरी त्यात तुम्ही स्वतः बांधलेला ॲम्प्लिफायर होता. तुम्ही त्याला 'आम्प्ली' म्हणायचात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चाळीस वर्षं नोकरी करून सुटीच्या दिवसांत केलेला. वजन एखाद्या गॅस सिलिंडरएवढं. आवाज लहान असो की मोठा, तो चालू केला की अर्ध्या तासात इस्त्रीसारखा तापायचा. गाणं लागलेलं नसलं तरी तापायचा. "या जातीचा आम्प्ली असाच. गाणें नसेल तेव्हांही जागा असतो," असं तुम्ही समजावलंत. मग माझा हात धरून त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर ठेवलात आणि मोजायला लागलात, "ओण्णु, रेंडु, मूणु, नालु, अंजु." पाच आकड्यांपर्यंत हात ठेवता आला तर ठीक, आधी उचलावा लागला तर काहीतरी बिघडलंय. मी चारला हात उचलला. तुम्ही म्हणालात, "सातारची कातडी पातळ."

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, अड्यारच्या ऑफिसात बसून लोकांच्या इमारतींचं वायरिंग तपासते, पंखे बसवणाऱ्यांपासून लिफ्टवाल्यांपर्यंत सगळ्यांना सुरक्षेचे धडे देते, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरीही ॲम्प्लिफायर उघडा असताना एक हात पाठीमागे ठेवून दुसऱ्याच हाताने काम करायचं, म्हणजे चुकून शॉक बसलाच तर तो छातीतून जात नाही, हे मला कॉलेजने शिकवलं नाही. तुम्ही शिकवलंत. माझा डावा हात पुढे आला की तुम्ही त्यावर पेन्सिल मारायचात. बत्तिसाव्या वर्षी पेन्सिलीचा मार खाणारी मी एकटीच असेन.

पण शोकेसबद्दल आपलं पहिल्यापासून जमलं नाही. मी म्हणायचे, काचा बंद, वर फक्त चार भोकं, आणि त्या भोकांवर अम्मांनी क्रोशाचं आच्छादन घातलंय. उष्णता जाणार कुठून? तुम्ही म्हणायचात, धूळ बसते. आणि अम्मांना तर ते शोकेस सोयीचंच होतं. नोव्हेंबरमध्ये पाऊस लागला की चार-चार दिवस काहीच वाळत नाही, मग अम्मा देवाच्या फुलवाती पितळेच्या ताटलीत घालून आम्प्लीच्या डोक्यावर ठेवायच्या. संध्याकाळपर्यंत कडक. मी राघवला सांगितलं तर तो म्हणाला, "तू ऑफिसमधून घरी आलीयस ना? मग इन्स्पेक्शन बंद कर."

तीन वर्षांपूर्वीचा तो नोव्हेंबर. अम्मांनी हॉल पुसून घेतला होता, पाय ओले होते. फुलवाती घ्यायला त्यांनी शोकेस उघडलं आणि ताटली उचलताना हात आम्प्लीच्या पत्र्याला लागला. मी आतल्या खोलीत होते. ताटली पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ अम्मा. तोल जाऊन मागे पडल्या म्हणून हात सुटला. त्या जमिनीवर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. संध्याकाळपर्यंत त्यांना त्या हाताने पेला धरता आला नाही.

मी मेन स्विच बंद केला, प्लग काढला, उघडून बघितला. प्लगला तीन पिना होत्या. आत तारा दोनच.

"अप्पा, अर्थिंगची तार कुठे आहे?"

"काढिली."

"कुणी?"

"मींच. ती जोडिली कीं घूं येते. आम्प्लीलाही अर्थ, कम्प्यूटरलाही अर्थ, मधें गाण्याची केबल. दोन अर्थांचा फास बसतो, गाण्याखालून घूं ऐकूं येते. तुला ठाऊक नाही?"

ठाऊक होतं. तुमच्या जुन्या कॅसेटी तुम्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेत होतात, त्यासाठी ती केबल होती. आणि त्या घूंवर जगभरचे लोक हाच सोपा उपाय करतात, तार तोडून टाकतात, आणि मी जगभरच्या लोकांना हेच करू नका म्हणून सांगत असते. मी आम्प्ली उघडला. आतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा कागद आणि वार्निश इतकी वर्षं बंद कपाटात भाजून काळं ठिक्कर झालं होतं. बोट लावलं की पापुद्रा सुटत होता. आतली तार पत्र्याला टेकली होती. अर्थिंग असतं तर त्याच क्षणी फ्यूज उडाला असता. ते नव्हतं, म्हणून पत्रा तसाच जिवंत राहिला, कुणीतरी हात लावायची वाट बघत.

"तो करंट जमिनीत जायला हवा होता. तो अम्मांमधून गेला," मी म्हणाले.

"चाळीस वर्षें एक्स्चेंजमधें काढिलीं मीं. मजला शिकवूं नको."

मग मी जे बोलले ते तुम्हाला आठवत असेल. "तुम्हाला गाणं अम्मांपेक्षा जास्त प्यारं आहे." अम्मा तिथेच बसल्या होत्या, हात चोळत. तुम्ही शोकेसच्या काचा बंद केल्यात, आत आम्प्ली उघडा पडलेला असताना.

एकोणीस दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मार्गळी महिना लागला, सगळे मैलापूरच्या गाण्याच्या सभांना जायला लागले, तुम्ही गेला नाहीत. विसाव्या दिवशी, रविवारी, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. हातात कापडी पिशवी, तळाशी काहीतरी जड.

"काय गे. तुझा मीटर आण."

पिशवीत नवा ट्रान्सफॉर्मर होता. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारामागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याकडून नवीन गुंडाळून आणलेला. तो दिवस माझ्या आठवणीतला या घरातला सगळ्यात चांगला दिवस आहे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपण बोर्डापासून आम्प्लीसाठी वेगळी लाईन ओढली. बोर्डात मी करंट गळला की आपोआप तुटणारा स्विच बसवला. तुम्ही शोकेसची मागची फळी स्वतः करवतीने कापलीत, हवा खेळावी म्हणून, आणि क्रोशाचं आच्छादन घडी करून अम्मांच्या हातात दिलंत. मागच्या अंगणात इमारतीचा अर्थिंगचा खड्डा होता, तो कित्येक वर्षं कुणी बघितला नव्हता, माती कोरडी ठणठणीत. मीठ आणि कोळसा घालून आपण तो भिजवला. पुढे दर मे महिन्यात तुम्ही तिथे बादलीने पाणी घालायला लागलात. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, हे कसलं झाड लावलंय? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "करंट चेडी." करंटचं रोप. त्या बाई बरेच दिवस ते उगवायची वाट बघत होत्या.

त्या रविवारी संध्याकाळी सगळं जोडून झालं. प्लगमध्ये तीन तारा. तुम्ही वीणेची एक जुनी कॅसेट लावलीत. पहिला सूर यायच्या आधी, त्या शांततेत, ती होती. घूं. अगदी बारीक, पण होती. तुम्ही मान वाकडी केलीत, डोळे मिटलेत. मग माझ्याकडे वळून विचारलंत,

"ऐकूं येते?"

मी म्हणाले, "नाही अप्पा."

"नाही?"

"काहीच नाही. स्वच्छ आहे."

मला ती स्पष्ट ऐकू येत होती. पण मला वाटलं, हो म्हटलं तर उद्या मी ऑफिसला गेल्यावर तुम्ही ती तार पुन्हा काढाल. तुम्ही अम्मांना विचारलंत. अम्मा म्हणाल्या, "मजला नाही बाई." राघव मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "काय? कुठे?" तुम्ही पुन्हा मान वाकडी केलीत, बराच वेळ. मग म्हणालात, "सरी, बरें तर. कानच गेले असतील."

मला वाटलं, दोन दिवसांत विसराल. तुम्ही विसरला नाहीत. महिन्याभराने तुम्ही एकटेच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलात. आलेख छापलेला कागद टेबलावर ठेवलात. वयोमानाने उंच सूर कमी ऐकू येतात, आणि कानात आवाज येणं या वयात होतं, त्याची सवय करून घ्यायची, असं त्यांनी सांगितलं होतं. तुम्ही ते हसून सांगितलंत. "म्हातारपणाची श्रुती लागली गे. तंबोऱ्याची गरज नाही आतां." मी पोळी लाटत होते. मी वर बघितलं नाही.

त्याच आठवड्यात मी रिची स्ट्रीटला जाऊन त्यावरचा उपाय घेऊन आले होते, हे तुम्हाला कसं सांगू? काडेपेटीएवढा एक डबा. गाण्याच्या केबलमध्ये बसवायचा छोटा ट्रान्सफॉर्मर, गाणं पुढे जाऊ देतो आणि तो फास तोडतो. अर्थिंगला हातही लावावा लागत नाही. पंधरा मिनिटांचं काम. पण बसवायचा कसा? नसलेला आवाज घालवायला मी काय म्हणून आम्प्लीला हात लावणार होते? तुम्ही सभेला गेलात की गुपचूप बसवावा असं ठरवलं, पण त्या आम्प्लीच्या मागची एकेक केबल तुम्हाला तोंडपाठ होती. तुम्ही विचारलं असतंत, हें काय? मग मला सगळंच सांगावं लागलं असतं, डॉक्टरांच्या कागदासकट. आज नको, पोंगल झाल्यावर. पोंगल झाल्यावर म्हणायचे, तुमच्या वाढदिवसाला. डबा माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली, तीन वर्षं.

तुम्ही गाणं ऐकणं कमी केलंत. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ते मी बघत होते. आधी रोज दुपारी तीन तास, मग एक तास, मग आठवड्यातून दोनदा. राघवने आणलेल्या छोट्या वायरलेस स्पीकरला तुम्ही 'डबा' म्हणायचात, पण मागच्या वर्षी तुम्ही तोच लावायला लागलात. "यांत घूं येत नाही," तुम्ही म्हणालात. आणि मग स्वतःशीच, "विचित्र आहे. कान तर तेच." मला वाटलं, आता तुम्ही ओळखलंत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, नंतर खिडकीकडे. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "कॉफी करू?"

आता तो गुरुवार. अम्मा मैलापूरला त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या. मी घरून काम करत होते. दुपारी तुम्ही खूप दिवसांनी आम्प्ली लावलात, वीणेची तीच कॅसेट. चारच्या सुमाराला कॅसेट संपली आणि तुम्ही उलटी केली नाहीत. मी पाच मिनिटांनी बाहेर आले. तुम्ही खुर्चीत पुढे झुकलेले, उजवा हात लांब, आम्प्लीच्या पात्यांवर.

मी तुमच्याकडे आले नाही. हीच ती गोष्ट. मी तुम्हाला हाक मारली नाही, हात लावला नाही. मी वळून दाराजवळच्या बोर्डाकडे धावले आणि मेन स्विच पाडला. मी दर आठवड्याला लोकांना हेच शिकवते, आधी करंट तोडा, मग माणसाला हात लावा. बोर्डाशी मी थांबले, अप्पा. मी बसवलेला तो स्विच बघितला. तो पडलेला नव्हता. म्हणजे करंट गळला नव्हता. म्हणजे वायरिंग बरोबर होतं. आणि मला बरं वाटलं. तुम्ही तिकडे खुर्चीत होतात, आणि मला सगळ्यांत आधी जे वाटलं ते हे, की माझं काम चुकलं नाही. मग मी तुमच्याकडे आले.

गल्लीतले डॉक्टर म्हणाले की आधीच झालं होतं, दहा-पंधरा मिनिटं तरी. काही फरक पडला नसता. मी त्यांना पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. वरच्या बाई जिन्यात कुणालातरी सांगत होत्या, करंट लागून गेले म्हणे. राघव आला, माझ्या तोंडाकडे बघून फक्त एवढंच म्हणाला, "आम्प्ली?" मी म्हणाले, "नाही." त्याने डोळे मिटले. त्यालाही बरं वाटलं असेल. तो तुम्हाला पोचवून विद्युतदाहिनीवरून परत आला तेव्हा मी त्याला विचारलं, तिथल्या पॅनेलचं दार बंद होतं का. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "होतं." मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आज तो निघून गेल्यावर मी कपाटातून तो डबा काढला. का, ते मला सांगता येणार नाही. अम्मा आत पोथी वाचत होत्या. मी आम्प्ली बंद करून, प्लग काढून, केबल सोडवली, डबा मध्ये बसवला. पंधरा नाही, बारा मिनिटं लागली. मग प्लग लावला, तिन्ही तारांसकट, चालू केला, आणि आधी सवयीने पात्यांवर हात ठेवून थांबले. तो हळूहळू तापला. कॅसेट लावली नाही. नुसतंच ऐकलं. काहीच नव्हतं. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला तेवढंच.

माझ्यामागे अम्मा येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला कळलंही नाही.

"थांबला गे," त्या म्हणाल्या.

मी वळले. "काय थांबलं?"

"तो आवाज. घूं घूं करीत असे तो."

"तुम्हाला ऐकू यायचा?"

"यायचा कीं."

"मग तेव्हा त्यांना नाही का म्हणालात?"

अम्मा शोकेसकडे बघत होत्या. उजवा हात त्यांनी पदराखाली घेतला. "पुन्हा ती तार काढितील म्हणोन भ्यालें." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुजला खरेंच येत नव्हता, असें समजत होतें मी. रोज वाटे, हिला विचारावें. मग वाटे, उगाच यांना कळेल."

मी राघवला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, बाहेर आला. मी विचारलं, अप्पांच्या आम्प्लीत घूं यायची, तुला ऐकू यायची? मागे लिफ्टची घंटा वाजली.

"तुम्ही दोघी नाही म्हणालात," तो म्हणाला. "मग मी काय म्हणणार?"

अप्पा, ती घूं खरी होती. आम्हा तिघांनाही ऐकू येत होती. तुमचे कान शेवटपर्यंत चांगले होते.